रुग्णालयातील औषधतुटवडा

रुग्णाला लागणारे औषध नेमक्या वेळी रुग्णालयाच्या भांडारात नसणे म्हणजे औषधतुटवडा. विकसनशील देशांतल्या सरकारी रुग्णालयांना तो नवा नाही. विशेष म्हणजे तेच औषध बहुतेकदा फाटकासमोरच्या मेडिकलमध्ये मिळत असते. फार्मासिस्ट केस पेपरवर औषधाच्या नावापुढे ‘एनए’ (उपलब्ध नाही) लिहितो, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक ‘बाहेरनं आणाय लागतंय’ म्हणून समजावतो आणि चंदगडहून आलेल्या माणसाचे परतीच्या एसटीचे पैसे त्या चिठ्ठीत जातात. हा खर्च रुग्णालयाच्या कोणत्याच हिशेबात चढत नाही.

तुटवड्याचे मूळ पुष्कळदा मागणीपत्रातच असते. मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून काढतात. पण औषध संपलेले असते त्या काळात खप शून्यच दिसणार. वर्षात ६,००० कुप्या खपल्या आणि त्यातले दोन महिने भांडार रिकामे होते, तर महिन्याची खरी गरज ५०० नसून ६०० आहे. ही दुरुस्ती केली नाही तर यंदाचा तुटवडा पुढच्या वर्षीचा तुटवडा जन्माला घालतो. दुसरा घटक पुरवठ्याला लागणाऱ्या मुदतीचा. निविदा, दरकरार, पुरवठा, नमुन्यांची तपासणी यांत तीन महिने जाणार असतील, तर त्या तीन महिन्यांचा साठा आणि वर थोडी राखीव शिल्लक असतानाच मागणी निघायला हवी. ठेकेदाराची बिले थकली की ही मुदत आणखी लांबते.

कोल्हापुरात मागणीचा अंदाज बांधणे जास्तच अवघड. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (‘सीपीआर’) सिंधुदुर्गातून आणि बेळगाव सीमाभागातूनही रुग्ण येतात. जिल्ह्याच्या लोकसंख्येवर मांडलेले गणित इथे पुरत नाही. त्यात पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्यामुळे शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी गोदाम भरलेले असले तरी ते नदीच्या कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न उरतोच. राखीव साठा पावसाळ्यापूर्वी तालुक्यांत पोचवून ठेवणे त्यासाठीच गरजेचे.

मागणीचा अंदाज किती अवघड, याचे सर्पदंशावरील लस (म्हणजे प्रतिविष) हे चांगले उदाहरण. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर ती चालते, पण सुरुवातीलाच साधारण १० कुप्या लागतात. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटातल्या २० कुप्या एका रात्रीत दोन रुग्णांत संपू शकतात. सरासरी खप काढून अशा औषधाचा साठा ठरवणे चुकीचेच. म्हणूनच भांडार व्यवस्थापनात औषधांची वर्गवारी किमतीवरून वेगळी आणि जीवरक्षक किती यावरून वेगळी करतात. जीवरक्षक औषध वर्षभर न वापरता मुदतबाह्य झाले, तरी तेवढे नुकसान सोसावे लागते. लेखापरीक्षणाला हे पटवणे मात्र कठीण जाते. इतर औषधांत ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटायचे, हा साधा नियम. नवी खोकी जुन्यांच्या पुढे रचली की तो मोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली. भारताची राष्ट्रीय यादी १९९६ मध्ये आली आणि २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. यादी मर्यादित ठेवली की पैसा कमी औषधांवर एकवटतो, घाऊक भाव मिळतो. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्थापलेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने मध्यवर्ती खरेदी, जिल्हावार गोदामे आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक (वाट्याचा निधी आणि उचललेली औषधे यांची नोंद) अशी घडी बसवली; देशात तिचाच दाखला दिला जातो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्या औषधनिर्मिती महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये कायदा करून त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणले. मध्यवर्ती खरेदीत भाव उतरतो, पण एक निविदा अडली की सगळा राज्यभर खोळंबा होतो. त्यामुळे अधिष्ठाता किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या हाती स्थानिक खरेदीचा काही निधी ठेवावाच लागतो. ही खरेदी महाग पडते, पण रात्री दोन वाजता नातेवाइकाला मेडिकल शोधत फिरायला लागत नाही.