मेमरीचा बदलता पत्ता

संगणकाची सुरक्षा म्हटली की भिंत आणि कुलूप डोळ्यांसमोर येतं: फायरवॉल, पासवर्ड, अँटिव्हायरस. पण हल्लेखोराची खरी ताकद असते सवड. यंत्रणा जागची हलत नाही आणि तो महिनोन्‌महिने तिचा अभ्यास करतो. ‘मूव्हिंग टार्गेट डिफेन्स’, म्हणजे लक्ष्यच हलतं ठेवणारा बचाव, त्याची ही सवडच हिरावून घेतो. सर्व्हरचा आयपी पत्ता बदला, पोर्ट बदला किंवा मेमरीतली मांडणी बदला. यातला शेवटचा प्रकार मला विलक्षण सुंदर वाटतो.

समजा, प्रोग्रॅमनं नावासाठी ६४ बाइट जागा ठेवली आणि लांबी तपासलीच नाही. जास्त मजकूर पाठवला की तो शेजारच्या ‘रिटर्न अ‍ॅड्रेस’वर सांडतो. काम संपल्यावर कुठे परतायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. हल्लेखोर तिथे स्वतःच्या सोयीचा पत्ता लिहितो. पण त्यासाठी तो आधी ठाऊक हवा! पूर्वी एकाच आवृत्तीच्या सगळ्या संगणकांवर तो बहुधा सारखाच असे. २००१ मध्ये ‘पॅक्स’ या सुरक्षा प्रकल्पानं लिनक्ससाठी एएसएलआर (अ‍ॅड्रेस स्पेस लेआउट रँडमायझेशन) आणलं: प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी (तयार कोडचा साठा), स्टॅक आणि हीप (माहिती ठेवायच्या जागा) दरवेळी वेगळ्या जागी. विंडोजमध्ये ते व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून आलं.

लिनक्सवर एकच प्रोग्रॅम दोनदा चालवून दरवेळी त्याचा मेमरी-नकाशा छापून पाहा. पत्ते बदललेले दिसतील, पण शेवटची तीन शून्यं तशीच राहतील. कारण मेमरी ४०९६ बाइटच्या पानांनी सरकते आणि सोळाच्या पायात ४०९६ म्हणजे एकावर तीन शून्यं. यादृच्छिकता उरते ती मधल्या अंकांत. ३२-बिट लिनक्सवर लायब्ररीसाठी ती १६ बिट होती, म्हणजे जेमतेम ६५,५३६ शक्यता. २००४ मध्ये संशोधकांनी अपाचे या वेब सर्व्हरवर सरासरी २१६ सेकंदांत पत्ता शोधून दाखवला. अंदाज चुकला की सर्व्हरची एक प्रक्रिया कोसळे, पण मूळ प्रक्रिया लगेच स्वतःचं दुसरं पिल्लू काढी, तीच मांडणी घेऊन.

६४-बिटवर २८ बिट धरले तर शक्यता २६ कोटींच्या वर जातात. तरीही ‘अभेद्य’ अशी जाहिरात दिसली तर विश्वास ठेवू नका. लायब्ररीच्या आतली अंतरं ठरलेली असतात. त्यामुळे तिच्यातला एक पत्ता जरी गळाला, तरी बाकीचे साध्या बेरीज-वजाबाकीनं मिळतात.

म्हणूनच दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरनं २००४ च्या ३.९ आवृत्तीत सर्व्हरला प्रत्येक नव्या जोडणीसाठी स्वतःला पुन्हा मुळापासून चालवायला लावलं, म्हणजे दरवेळी मांडणी नवी. त्यानं अंदाजांची सरासरी संख्या फक्त दुप्पट होते, पण एका जोडणीत गळालेला पत्ता पुढच्या जोडणीत कुचकामी ठरतो.