डेटम फक्त मशीन केलेल्या पृष्ठभागावरच घ्यायचा?

“कास्ट पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून डेटम नेहमी मशीन केलेल्या पृष्ठभागावरच घ्यावा.” ओतीव (कास्ट) भागांचं ड्रॉइंग शिकताना हे बऱ्याच जणांच्या कानावर येतं. डेटम म्हणजे बाकीची मापं जिथून धरतात तो संदर्भ. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, पण अर्धाच आहे.

पहिल्या ऑपरेशनला मशीन केलेला पृष्ठभाग तयारच नसतो. फिक्स्चरमध्ये, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनात, जॉब कास्ट पृष्ठभागावरच टेकतो. कुठे टेकायचं हे ड्रॉइंगने सांगितलं नाही, तर फिक्स्चर बनवणारा ते स्वतः ठरवतो. मग बोअर (मशीनने केलेलं गोल भोक) अगदी मापात येऊनही एका बाजूची भिंत पातळ निघू शकते. खडबडीतपणावर उपाय आहे: अख्खा पृष्ठभाग न घेता डेटम टार्गेट, म्हणजे टेकण्याच्या ठरावीक जागा, द्यायचे. ३-२-१ असे सहा बिंदू: एका बाजूवर तीन, दुसऱ्या बाजूवर दोन, तिसऱ्या बाजूवर एक. ते पार्टिंग लाइन (साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेषा), गेट (धातू साच्यात शिरतो ती जागा) आणि रायझर (जादा धातूचा साठा) यांपासून दूर हवेत. शक्यतो साच्याच्या एकाच अर्ध्यात हवेत, नाहीतर दोन अर्ध्यांमधली सरक मापात शिरते. मशीन केलेले डेटम त्यानंतर येतात. कास्ट डेटमशी त्यांना प्रत्येक दिशेत एकाच मापाने जोडावं.

पडताळायचं असेल तर एखादं ड्रॉइंग समोर घ्या आणि पहिला कट घेताना जॉब कुठे टेकेल ते त्यावर शोधा. सापडलं नाही, तर तयार नगांची भिंत समोरासमोरच्या बाजूंनी मोजून पाहा.