पटकीचं विष : आतडं पळतं की पाझरतं?

जुलाब म्हणजे आतडं पळायला लागणं, ही समजूत जुनी आणि घट्ट. अफूचा अर्क जुलाबावर दिला जाई तो म्हणूनच. १८८४ च्या सुमारास पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू ओळखणाऱ्या जर्मन संशोधकानं गिनीपिगना अफू टोचली, ती मात्र उलट हेतूनं. आतडं थंडावलं तरच जंतू तिथे टिकून रोग घडवी. जंतू विष सोडत असावा, हा तर्कही त्याचाच.

घोळ झाला तो ‘विष’ या शब्दानं. त्याच्याच हाताखालच्या एकानं १८९० च्या दशकात, पटकीच्याच जंतूवर काम करताना, ‘एंडोटॉक्सिन’ ही कल्पना मांडली : विष जंतूच्या अंगातच असतं, तो मरून फुटला की मोकळं होतं. कल्पना खोटी नव्हती, पण जुलाबांचं कोडं तिनं सुटत नव्हतं. तरी प्राण्यांच्या रक्तात नि पोटाच्या पोकळीत टोचणं चालूच राहिलं. प्राणी मरत, जुलाब काही होत नसत. रोग आतड्याचा, आणि आतड्यातच बघायला इतकी वर्षं लागावीत!

कलकत्त्यात एका विकृतिशास्त्रज्ञानं सशाच्या लहान आतड्याचा भाग दोन्हीकडून बांधला, आत आधी जंतू सोडले आणि १९५९ मध्ये जंतू गाळून उरलेला नुसता द्राव. बांधलेला भाग पाण्यानं टम्म फुगला. विष जंतूबाहेर सुटतं, आणि ते आतड्यातूनच काम करतं, हे दिसलं. त्याच वर्षी मुंबईत सशाच्या पिलांना जंतूंचा अर्क तोंडावाटे देऊन जुलाब घडवले गेले. त्याचा उल्लेख फारसा होत नाही.

पुढचं भराभर झालं. १९६९ पर्यंत विष शुद्ध स्वरूपात हाती आलं. ते पेशीतलं एक बटण चालू स्थितीत अडकवतं, चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइड बाहेर पडतं आणि मागोमाग सोडियम व पाणी. अस्तर शाबूतच राहतं. साखरेबरोबर मीठ शोषणारी वाटही उघडी असते, जलसंजीवनी चालते ती त्यामुळे.

मग हालचालीचं काय? विषामुळे सशाच्या आतड्यात आकुंचनाच्या जोरदार लाटा धावतात, अशी नोंद १९७० च्या दशकात झाली. नंतर आतड्यातल्या नसा बधिर केल्या तर पाझरही घटतो, असं प्राण्यांत दिसलं. नसांचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. अफूसारख्या औषधानं लाटा मंदावतात, पण पाझर सुरूच राहिला तर पाणी आतड्यात साचतं. शौचाला होत नाही, पोट फुगतं, आणि रोगी तरीही सुकत जातो.