पार्श्वभूमी : सपाट पृथ्वीची हरलेली पैज

मिरामारच्या वाळूवरून पश्चिमेला निघालेले मालवाहू जहाज बघत राहिले, की आधी त्याची कूस, म्हणजे खालचा भाग, दिसेनाशी होते, मग क्रेनी, शेवटी चिमणी. गोव्यात वाड्यागणिक एखादा तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, सापडतो. त्याला यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. तरी चवथीच्या शुभेच्छांच्या पाठोपाठ ‘पृथ्वी सपाट आहे, हे आपल्यापासून दडवले जाते’ असा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर येतोच.

हा समज पूर्वापार चालत आला असे आपण धरून चालतो. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या सिद्धान्तशिरोमणी या ज्योतिषग्रंथात मात्र जमीन सपाट का भासते याचा खुलासाच आहे : परिघाचा शंभरावा भाग सरळ वाटतो, आणि एवढ्या मोठ्या गोलावर माणूस अगदीच लहान. आज फिरणारे युक्तिवाद त्यामानाने कालपरवाचे, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडचे.

१८३८ मध्ये तिथल्या एका गृहस्थाने सरळसोट कालव्यात उतरून, डोळे पाण्याच्या जेमतेम वीतभर वर ठेवून, सहा मैल दूर जाणारी होडी शेवटपर्यंत पाहिली आणि पृथ्वी सपाट ठरवून टाकली. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, हे हिशेबात धरले नाही. १८७० मध्ये याच मताच्या दुसऱ्या एकाने ५०० पौंडांची पैज लावली. ती स्वीकारली एका निसर्गशास्त्रज्ञाने, जो तरुणपणी जमीनमोजणी करत असे. त्याने त्याच कालव्यावर नजरेची रेषा पाण्यापासून चारेक मीटर वर नेली आणि मध्यावर तेवढ्याच उंचीची खूण उभी केली. मधली खूण रेषेच्या वर दिसली, म्हणजे मधले पाणी फुगीर होते. पंचाने पैसे निसर्गशास्त्रज्ञाला दिले.

पुढचे जरा सावकाश सांगायला हवे, कारण घोळ इथेच आहे. हरलेल्याने आपली रक्कम परत मागितली, आणि १८७६ मध्ये न्यायालयाने ती त्याला देवविली. का? १८४५ च्या कायद्याने पैजेचा करारच निरर्थक होता, आणि पंचाने पैसे पुढे देण्याआधीच त्याने ते परत मागितले होते. पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. (मधल्या काळात विजेत्याची बदनामी केल्याबद्दल हे महाशय तुरुंगातही जाऊन आले.) पण ‘कोर्टाने पैसे परत दिले’ एवढे वाक्य सुटे काढले, की तेच जिंकल्यासारखे वाटते. मटक्यावर लावलेले पैसे कोणाला परत मिळाले म्हणून त्याचा आकडा लागला, असे आपण म्हणतो का?

हीच कापाकापी नंतर इंटरनेटवर आली. २०१५ च्या सुमारास ८३ पट झूमचा कॅमेरा बाजारात आला आणि ‘बुडालेले जहाज झूमने परत आणले’ असे व्हिडिओ निघू लागले. झूमने परत येते ते फार लहान झाल्यामुळे न दिसणारे जहाज. क्षितिजाखाली गेलेली कूस नाही. दुसरे लाडके हत्यार म्हणजे ‘मैलांचा वर्ग गुणिले आठ इंच’. या सूत्राने २० किलोमीटरवर ३१ मीटर लपायला हवेत. पण ते पाण्याला डोळा टेकवून पाहणाऱ्यासाठी आहे. डोळा दोन मीटर वर असला की क्षितिजच पाच किलोमीटर पुढे जाते आणि लपतात सतराएक मीटर. प्रकाशाचे वाकणे धरले तर आणखी कमी. आग्वाद किल्ल्याच्या माथ्यावरून तर तेवढ्या अंतरावर काहीच लपत नाही. व्हिडिओवाला डोळ्याची उंची सांगतच नाही.

काही सपाटवाद्यांनी महागडा जायरोस्कोप (फिरणे मोजणारे उपकरण) आणून पाहिला, तर तासाला १५ अंश फरक आला, म्हणजे पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा अचूक वेग. तो आकाशातल्या कसल्याशा ऊर्जेवर ढकलण्यात आला. जानेवारी २०१९ मध्ये एका मोठ्या व्हिडिओ कंपनीने असल्या व्हिडिओंच्या शिफारशी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा तोच ‘दडपशाहीचा पुरावा’ झाला. पुरावा विरुद्ध गेला तरी कटच सिद्ध होतो. असा दावा खोटा पाडायचा तरी कसा?

हे फक्त पृथ्वीच्या आकारापुरते राहिले नाही. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, फाइव्ह जीच्या लहरींनी करोना पसरतो ही अफवा खोडण्यासाठी दूरसंचार खात्याला खुलासा काढावा लागला. देशात तोवर फाइव्ह जीची चाचणीसुद्धा सुरू झालेली नव्हती.