कर्ब मोजायचा किती खोल?

शेतजमिनीच्या मातीतल्या कर्बाचा, म्हणजे कार्बनचा, हिशेब हवामानाच्या वाटाघाटींत उशिरा आला. १९९७ च्या क्योटो करारानंतर तो धरायचा की नाही, हे २००१ मध्ये माराकेशला औद्योगिक देशांच्या मर्जीवर सोडले गेले. मोजक्याच देशांनी तो धरला.

शून्य मशागत, म्हणजे न नांगरता केलेली पेरणी, त्याआधीची. १९३० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या मैदानांवरची माती वादळांत उडाली आणि नांगरावरच संशय आला. नांगराविना तण कसे मारायचे, हा पेच १९६० च्या सुमारास तणनाशकांनी सोडवला. धूप थांबत होती, डिझेल वाचत होते. हवामान कोणाच्या मनातही नव्हते. पुढे अशा शेतांच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसला आणि २००३ पासून अमेरिकेतल्या एका ऐच्छिक बाजारात त्यावर कर्ब क्रेडिट, म्हणजे हवेतून टळलेल्या कर्बाची विकाऊ प्रमाणपत्रे, विकली जाऊ लागली. तो बाजार २०१० मध्ये बंद पडला.

खरा वाद खोलीचा. नमुने बहुधा वरच्या ३० सेंटीमीटरांचे, कधी त्याहूनही उथळ. नांगर धसकटे खाली गाडतो. तो थांबला की ती वरच कुजतात. मग कर्ब वाढला, की नुसता वर सरकला? २००० नंतर खोलवरचे नमुने घेतले तेव्हा बऱ्याच ठिकाणी एकूण फरक जवळपास उरला नाही. त्यात न नांगरलेली माती घट्ट बसते. तेवढ्याच खोलीच्या नमुन्यात मातीचे वजन जास्त भरते, म्हणून कर्बही जास्त दिसतो. समर्थकांचे उत्तर असे, की खालच्या थरात कर्ब जागोजागी इतका बदलतो की खरी वाढही त्यात हरवून जाते. मुद्दा चुकीचा नाही, पण न दिसणाऱ्या वाढीवर क्रेडिट कसे विकायचे? शिवाय साठलेला कर्ब जमीन पुन्हा नांगरली की बराचसा हवेत परततो. तरीही २०१५ मध्ये पॅरिसला मातीतला कर्ब दरवर्षी हजारी ४ ने वाढवण्याचा संकल्प पुढे आला.

या गदारोळात नायट्रस ऑक्साइड मागे पडला, हे जास्त खटकते. खताचे नत्र पिकाने घेतले नाही तर जिवाणू त्यातल्या काही भागाचा हा वायू करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, आणि वेळेवर, हप्त्याहप्त्याने, मोजून दिलेल्या खतामुळे टळलेला वायू नांगर फिरवल्याने परत येत नाही. भातखाचरांत मात्र दोन वायूंची ओढाताण आहे: हंगामाच्या मध्यावर पाणी काढले की मिथेन घटतो, नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, बेरीज बहुधा फायद्याचीच.

देशांच्या उत्सर्जनाच्या मोजदादीचे, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे नियमही हलत राहिले. दिलेल्या नत्रापैकी थेट या वायूच्या रूपात जाणारा वाटा १९९६ मध्ये १.२५ टक्के धरला जाई, २००६ पासून १ टक्का. २०१९ च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी दमट हवामानात १.६ आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के असे दोन आकडे आले. युरियाचे पोते तेच. कागदावर मात्र एकीकडचे दुसरीकडच्यापेक्षा तिप्पट जड.