बडी-डिटेक्टिव्ह चित्रपट (रेट्रो)

एकमेकांशी अजिबात न जुळणारे दोन तपास करणारे, एक केस, हाणामारी, विनोद आणि वर मुद्दाम उभा केलेला जुना काळ, असा हा मुख्यतः हॉलिवूडचा प्रकार. 'बडी कॉप' (दोस्त पोलीस) हे नाव मराठीत तसंच चालतं, जोडगोळी म्हटलं तरी कळतं. भांडत भांडत दोस्ती कशी होते ते सगळ्यांना पाठ आहे, ते इथे परत सांगत नाही.

खरा घोळ आहे उगमाचा. मागे मागे जाणारे थेट अकिरा कुरोसावाच्या 'स्ट्रे डॉग'पर्यंत (१९४९) पोचतात. भर उन्हाळ्यात गर्दीच्या बसमध्ये तरुण डिटेक्टिव्ह मुराकामीचं (तोशिरो मिफुने) पिस्तूल मारलं जातं आणि मग तो मुरलेल्या सातोबरोबर (ताकाशी शिमुरा) टोकियोभर ते शोधत फिरतो. जोडी आहे, तपास आहे, पण हसू जवळपास नाहीच, आणि ही दोघं भांडतही नाहीत, सरळ गुरू-शिष्याचं नातं आहे, त्यामुळे याला पूर्वज म्हणा, सुरुवात म्हणणं जरा ताणल्यासारखं वाटतं. दुसरा दावा 'इन द हीट ऑफ द नाइट'चा (१९६७). फिलाडेल्फियाचा काळा डिटेक्टिव्ह टिब्स (सिडनी पॉइटिए) आणि मिसिसिपीतला गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी (रॉड स्टायगर) यांच्यातली तेढ खरीखुरी आहे पण ती वर्णद्वेषाची, तिथे टाइमपासला जागा नाही. विनोद आणि गाड्यांची मोडतोड एकत्र हवी असेल तर 'फ्रीबी अँड द बीन' (१९७४) जास्त जवळचा, सॅन फ्रान्सिस्कोतले दोन पोलीस (जेम्स कान, अ‍ॅलन आर्किन), आणि त्यांची गाडी रस्त्यावरून उडून थेट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बेडरूममध्ये घुसते. साचा पक्का झाला तो सहसा वॉल्टर हिलच्या '४८ अवर्स'पासून (१९८२) धरतात, गंमत म्हणजे त्यात एकच पोलीस आहे, दुसरा (एडी मर्फी, त्याचा पहिलाच चित्रपट) दोन दिवसांसाठी बाहेर काढलेला कैदी. म्हणजे नावात 'कॉप' असलं तरी दोघंही पोलीस असायलाच हवेत असं नाही.

'रेट्रो' शब्दाचाही गोंधळ आहे. १९७४चा चित्रपट आज जुना वाटतो म्हणून तो रेट्रो होत नाही, तो त्याच्या काळात आजचाच होता. 'स्टार्स्की अँड हच' ही टीव्ही मालिका (१९७५–७९) घ्या, त्यातली पांढऱ्या पट्ट्याची लाल ग्रॅन टोरिनो तेव्हा नवी गाडी होती, २००४च्या चित्रपटात तीच गाडी वेशभूषा झाली.

या अर्थाने नमुना म्हणून 'द नाइस गाइज' (२०१६) पुरेसा आहे. दिग्दर्शक शेन ब्लॅक, ज्याने 'लीथल वेपन'ची (१९८७) पटकथा लिहिली होती. १९७७चं लॉस एंजेलिस, लायसन्सवाला पण भित्रा खाजगी डिटेक्टिव्ह मार्च (रायन गॉसलिंग), बिनलायसन्सचा पैसे घेऊन ठोकणारा हीली (रसेल क्रो), आणि दोघांपेक्षा हुशार अशी मार्चची शाळकरी मुलगी. सुमारे ५ कोटी डॉलर खर्च, जगभरातून सव्वासहा कोटींच्या आसपास कमाई, म्हणजे थिएटरात पडलाच म्हणायचा, चाहते नंतर मिळाले.

असला चित्रपट बघायचा तर पुढे काय झालं ते माहीत असणं हाच अर्धा विनोद. 'द नाइस गाइज'मध्ये धुरक्याविरुद्ध आंदोलन करणारे पायऱ्यांवर मेल्याचं सोंग करून पडलेत, त्यांना काही विचारलं तर उत्तर देता येत नाही कारण ते मेलेत. सगळी केस शेवटी गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर येऊन ठेपते, धूर साफ करणारा तो डबा जो अमेरिकेत १९७५च्या मॉडेलांपासून सर्रास बसायला लागला. ज्याला हे माहीत नाही त्याला तो नुसता कटकारस्थानाचा भाग वाटतो, ज्याला माहीत आहे तो हा डबा नको असलेले डेट्रॉइटचे मोटार कंपनीवाले किती आत्मविश्वासाने खोटं बोलतायत ते बघून जास्त हसतो.

हिंदीत जोडगोळी आली, इन्स्पेक्टर आणि फिल्मी हिरोची 'मैं खिलाडी तू अनाडी' (१९९४) आठवेल, पण तो रेट्रो नाही.

जुना काळ तंतोतंत असतोच असं नाही. 'द नाइस गाइज'च्या सुरुवातीला हॉलिवूडची ती डोंगरावरची पाटी मागून दिसते, मोडकळीला आलेली, हे बरोबर आहे, ती १९७८ मध्ये पाडून नवी बांधली. पण त्याच चित्रपटात 'अर्थ, विंड अँड फायर' या बँडचं 'सप्टेंबर' वाजतं आणि ते गाणं आलं नोव्हेंबर १९७८ मध्ये.