पार्श्वभूमी : व्हिडिओ गेममधले फुसके बार

मोठा गेम जाहीर झाला की मराठवाड्यातल्या खेळणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली 'कधी येणार' हा पहिला प्रश्न नसतो. 'ट्रेलरमध्ये दाखवलंय तसा असणार का' हे आधी विचारलं जातं. हा संशय एका दिवसात आलेला नाही. त्याचा मोठा हिस्सा २०२०-२१ च्या हिवाळ्यात तयार झाला आणि त्याला 'फौ-जी' हा एकच गेम पुरला. पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं.

अमेरिकेत १९८२ च्या नाताळाला 'ई.टी.' नावाचा गेम बाजारात आला. त्याच नावाचा सिनेमा तुफान चाललेला, हक्कांसाठी कंपनीने कोट्यवधी डॉलर मोजलेले, आणि गेम लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या हातात जेमतेम पाच आठवडे. खेळणारा खड्ड्यात पडायचा, कसाबसा वर यायचा, पुन्हा पडायचा. न खपलेल्या आणि परत आलेल्या कॅसेट १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका कचरा डेपोत पुरल्या गेल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा कुठे लोकांना ही गोष्ट खरी वाटली. आपल्याकडे त्याची झळ लागायचं कारण नव्हतं. देशात रंगीत टीव्हीच तेव्हा नुकता आला होता.

आपल्या घरांत ही फसगत शिरली नव्वदच्या दशकात, टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेटमधून. वर छापलेलं असायचं '९९९९ इन १'. यादी खाली सरकवता सरकवता अंगठा दुखायचा. प्रत्यक्षात आत मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा, बदकं मारायचा असे बोटांवर मोजण्याइतके गेम. बाकीचे हजारो म्हणजे हेच, फक्त वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. तरी छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी नाहीतर पैठण गेटवरून आणलेली कॅसेट तक्रार घेऊन परत करायला कुणी गेल्याचं ऐकिवात नाही. असलं असंच असतं, हे गृहीत होतं. पुढे नेट कॅफेच्या काळात 'जीटीए पंजाब'च्या सीडी आल्या. 'व्हाइस सिटी' नावाचा परदेशी गेमच तो, वरून रंगरंगोटी आणि गाणी बदललेली. त्यावरही कुणी चिडलं नाही, कारण मूळ गेमच कुणी विकत घेतलेला नव्हता.

अपेक्षाभंग व्हायला आधी कुणीतरी जाहीरपणे काहीतरी कबूल करावं लागतं. ते आपल्याकडे व्हायला २०२० उजाडलं.

जगात तोवर हे नेहमीचं झालं होतं. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ते २०१६ चं साल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'नो मॅन्स स्काय' हा गेम आला आणि सप्टेंबरमध्ये जिओ. पहिल्याचं इथे कुणाला सोयरसुतक नव्हतं, दुसऱ्याने सगळं बदललं. 'नो मॅन्स स्काय'मध्ये अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह असणार म्हणून गवगवा झाला होता. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी गेले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. ब्रिटनमधल्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या. त्याने चौकशी करून कंपनीला दोषमुक्त केलं. त्याआधी वर्षभर, जून २०१५ पासून, संगणकावरच्या सर्वांत मोठ्या गेम दुकानाने परताव्याचा नियम आणला होता : घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. पैसे देऊन खेळणाऱ्यांच्या दुनियेत हे मोठं पाऊल होतं. आपल्याकडची बहुसंख्य पोरं त्या दुनियेत नव्हतीच. त्यांच्याकडे होते दोन-तीन जीबी रॅमचे फोन, रोजचा दीड जीबी डेटा, आणि पबजी नाहीतर फ्री फायर, म्हणजे बंदुका घेऊन शेवटपर्यंत टिकून राहायचे मोबाइल गेम. लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत रात्रीच्या मेसनंतर स्क्वॉड, म्हणजे मिळून खेळणाऱ्यांच्या टोळ्या, जमायचे. खेड्यात जिथे रेंज येते तिथे, मग तो शेताचा बांध असो की पाण्याची टाकी.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. टाळेबंदीचा सहावा महिना. शाळेच्या नावाखाली आलेले फोन घरोघर. ज्यांच्या फोनमध्ये गेम आधीपासून होता त्यांचा तो ३० ऑक्टोबरपर्यंत चालू राहिला, म्हणून बंदीचा चटका दोन हप्त्यांत बसला. पण या इतिहासात महत्त्वाची तारीख ४ सप्टेंबर ही आहे. बंदीनंतर दोनच दिवसांनी एका आघाडीच्या हिंदी नटाने ट्विटरवर 'फौ-जी' जाहीर केला. बनवणारी कंपनी बेंगळुरूची. निव्वळ उत्पन्नाचा २० टक्के वाटा शहीद जवानांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला जाणार, आत्मनिर्भर मोहिमेला हातभार लागणार, असं सगळं त्यात होतं.

ती घोषणा आज पुन्हा वाचली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. त्यात 'ॲक्शन गेम' असं म्हटलं आहे. शंभर जण विमानातून उतरणार, शेवटी एक उरणार, यातलं काहीही त्यात नाही. पुढे निर्मात्यांनी मुलाखतींतूनही सांगितलं की हा पबजीला पर्याय म्हणून काढलेला नाही, काम बंदीच्या आधीपासून चालू होतं. म्हणजे कागदावर पाहिलं तर वचनभंग झालाच नाही. गेमची बाजू घेणारे आजही हेच सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

पण दुसरी बाजू मला जास्त वजनदार वाटते. लग्नघरात जेवणाच्या पंगतीच्या वेळीच ताटं मांडायची आणि नंतर 'आम्ही फक्त पाणी देणार होतो' म्हणायचं, यातला प्रकार आहे हा. बंदीनंतर अठ्ठेचाळीस तासांत, पबजीशी यमक जुळणारं नाव घेऊन, देशप्रेमाच्या लाटेवर गेम जाहीर केला की लोक काय समजणार हे न कळण्याइतका हा धंदा भोळा नाही. दसऱ्याला टीझर आला. त्यात बर्फाळ डोंगर, जवान, हातघाईची लढाई. ३० नोव्हेंबरला प्ले स्टोअरवर पूर्वनोंदणी उघडली आणि पहिल्या चोवीस तासांत नोंदणीचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. हे दहा लाख नेमकं कशाची वाट पाहताहेत, हे तोवर उघड होतं. बातम्या 'पबजीचा देशी पर्याय' म्हणत होत्या, यूट्यूबवर तेच चाललं होतं. तो गैरसमज दूर करण्याचा आवाज घोषणेच्या आवाजाइतका मोठा कधीच झाला नाही.

तारखाही हलत राहिल्या. आधी ऑक्टोबरचा सुमार, मग नोव्हेंबर, मग जानेवारीच्या सुरुवातीला नक्की दिवस सांगितला गेला : २६ जानेवारी २०२१. आपल्या गावांत तो महिना वेगळ्याच धामधुमीचा होता. ग्रामपंचायतीचं मतदान १५ तारखेला होऊन निकाल लागलेले, सरपंच कोण यावर पारावर रोज खल. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारीला उघडणार होते. म्हणजे बारक्या पोरांच्या हातात दिवसभर फोन असण्याचा तो शेवटचा दिवस. झेंडावंदन झालं आणि डाउनलोड सुरू झाले. जागा करण्यासाठी कुणी फोटो उडवले, कुणी घरच्यांचे व्हिडिओ.

आत काय होतं? एकट्याने खेळायचा कथाप्रकार. गलवान खोऱ्यातून चालत जायचं, शत्रू समोर आला की ठोसे आणि दंडुके, अंगातली ताकद कमी झाली की शेकोटीजवळ बसायचं. मित्राला सोबत घेता येत नव्हतं. बाकीच्या प्रकारांवर 'कमिंग सून' अशी पाटी. आणि बंदूक नाही.

या बंदुकीवरून सर्वांत जास्त टर उडवली गेली आणि तिथेच गेमवर थोडा अन्याय झाला, असं माझं मत. जून २०२० मध्ये गलवानला जी चकमक झाली, ज्यात आपले २० जवान गेले, त्यात गोळी चाललीच नव्हती. १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं ठरलेलं आहे. दगड, लोखंडी गज, खिळे ठोकलेले दंडुके यांनीच ती रात्र लढली गेली. तेव्हा गलवानचा गेम बिनबंदुकीचाच असणार. तो तसा केला यात प्रामाणिकपणा होता. फक्त तो प्रामाणिकपणा चुकीच्या गिऱ्हाइकापुढे ठेवला गेला. एम-४१६ आणि एडब्ल्यूएम या पबजीतल्या बंदुकांच्या चर्चेत दोन वर्षं घालवलेल्या पोराला दंडुका दिला तर तो म्हणणारच, 'ह्याच्यात तर काईच नाई बे.' शिवाय लढाईची हालचालही अडखळती होती. बटण दाबल्यावर ठोसा पोचेपर्यंत समोरच्याचा पोचलेला असायचा. ती उणीव इतिहासाच्या माथी मारता येत नाही.

मग तारे. फुकट गेमला परतावा मागता येत नाही, तेव्हा उरतं ते प्ले स्टोअरचं मानांकन. हे हत्यार पोरांना नवीन नव्हतं. मे २०२० मध्ये टिकटॉकचं मानांकन ठरवून खाली खेचलं गेलं होतं आणि नंतर लाखो शेरे स्टोअरला काढून टाकावे लागले होते. त्याच पिढीने फौ-जीला एक-एक तारा दिला. काही दिवसांतच मानांकन तीनच्या आसपास आलं. त्यातले सगळेच शेरे गेम खेळून दिलेले नव्हते, हेही खरं. अनेकांचा राग पबजी गेल्याचा होता, तो निघाला इथे. जून २०२१ मध्ये टीमने खेळायचा प्रकार चाचणी स्वरूपात आला, पण तोवर गर्दी पांगली होती. जूनमध्येच पबजीचा भारतीय अवतार, बीजीएमआय, आधी चाचणीला आणि २ जुलैला सर्वांसाठी खुला झाला. रक्ताचा रंग त्यात हिरवा होता, तरी तक्रार कुणाची नव्हती.

फौ-जीच्या गडबडीत एक योगायोग हरवला. तो आला त्याच्या महिना-दीड महिना आधी, १० डिसेंबर २०२० ला, 'सायबरपंक २०७७' आला होता. २०१२ मध्ये जाहीर झालेला, आठ वर्षं वाट पाहायला लावलेला. चांगल्या संगणकावर तो बरा चालायचा. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, माणसं अधांतरी तरंगायची आणि गेम मध्येच बंद पडायचा. आठवड्याभरात एका कन्सोल कंपनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. पुढच्या जूनमध्ये तो परतला आणि सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेनंतर लोक त्याला चक्क नावाजू लागले. 'नो मॅन्स स्काय'चंही वर्षानुवर्षांच्या फुकट सुधारणांनी तसंच झालं. आधी विकायचा, मग दुरुस्त करायचा ही रीत या दोघांनी प्रतिष्ठित केली. ती परवडते ती आगाऊ पैसा खिशात पडलेल्यांना. फुकट मोबाइल गेमला लोक दुसरी संधी देत नाहीत. जागा लागते म्हणून तो त्याच संध्याकाळी उडवला जातो.

त्यानंतरचं झपाट्याने झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण त्याचा 'मॅक्स' अवतार चालूच राहिला, हे कोडं आजही कुणी नीट उलगडून सांगत नाही. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गेला, मे २०२३ च्या अखेरीस तीन महिन्यांच्या चाचणीच्या अटीवर परतला. अठराखालच्यांना दिवसाला तीन तास. 'फ्री फायर इंडिया' ५ सप्टेंबर २०२३ ला येणार म्हणून जाहीर झाला, एका लाडक्या माजी क्रिकेट कर्णधाराचा चेहरा लावून. आदल्या दिवशी 'काही आठवडे' पुढे ढकलला गेला. ते आठवडे २०२४ उलटलं तरी संपले नव्हते. न आलेल्या गेमवर टीका तरी काय करणार! पुण्यात बनलेल्या 'इंडस'ची पूर्वनोंदणी एक कोटीपार गेली आणि १६ ऑक्टोबर २०२४ ला तो आलाही. भारतीय भविष्यकाळाची त्याची कल्पना मला फौ-जीपेक्षा कितीतरी जास्त विचारपूर्वक केलेली वाटते. तरी बीजीएमआयची गर्दी तिकडे वळली नाही.

कायद्याचं काय, असा प्रश्न येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांना बंदी केली, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली. जाहीर केलं तेच द्यावं, हा त्याचा विषयच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातींवर कारवाई आहे, पण त्यात ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. बीजीएमआयमध्ये पैसे मोजून यूसी, म्हणजे त्या गेममधलं चलन, घेणारा त्यात बसेल. २६ जानेवारीला फोटो उडवून, दिवसाचा डेटा संपवून फौ-जी उतरवणारा नववीतला पोरगा बसवायचा कसा, हा वकिलांचा प्रश्न आहे. त्याने एक तारा दिला आणि विषय संपवला.

फौ-जीचं नाव मात्र मिटलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'फौ-जी : डॉमिनेशन' आला. यात टीमने खेळता येतं, आणि बंदुका पहिल्या मिनिटापासून आहेत.